मोबाईल कोणत्या पेटीत ठेवायचा? वर्गीकरणाचा एक पाठ



आजचा लेख थोडा वेगळा आहे. विषय आहे वर्गीकरण. पहिलीपासून आपण हा घटक शिकवतो. पानं वेगळी करा, बिया वेगळ्या करा, सजीव-निर्जीव सांगा. सोपा वाटतो. पण यावर्षी माझ्या पाचवीच्या वर्गातल्या एका मुलीने मला त्यात असं अडकवलं की उत्तर शोधत शोधत मी थेट मुंबईच्या बंदरापर्यंत जाऊन पोहोचले.

शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीसाठी मी एक छोटी चाचणी काढली होती. त्यात नेहमीचा प्रश्न होता, 'गटात न बसणारे पद ओळखा.' पर्याय होते घड्याळ, मोजपट्टी, तराजू आणि मोबाईल. माझ्या उत्तरसूचीत उत्तर होतं मोबाईल. कारण उघड आहे, बाकी तिन्ही मोजण्याची साधनं आहेत.

त्या मुलीने लिहिलं, तराजू. मी लाल पेनाने फुली मारली आणि पुढे गेले.

मधल्या सुट्टीत ती पेपर घेऊन आली. म्हणाली, "मॅडम, मोबाईलमंधी घड्याळ हाय. आमचे बाबा मोबाईल घेऊन धुऱ्यावरून फिरतात तं वावर किती हाय ते दिसते. मंग मोबाईल घड्याळबी हाय आन् पट्टीबी हाय. त्याच्यावर वजन तेवढं होत नाही. म्हणून तराजू येगळा."

खरं सांगते, मला लगेच उत्तर सुचलं नाही. "तसं नसतं बाळा" एवढंच म्हणाले. पण 'तसं का नसतं' हे मला सांगता आलं नव्हतं. तिच्याकडे कारण होतं आणि माझ्याकडे फक्त उत्तरसूची.

बिलावरचा एक आकडा

त्याच आठवड्यात लोकवर्गणीतून शाळेसाठी प्रिंटर घेतला होता. छपाई, झेरॉक्स आणि स्कॅन अशी तिन्ही कामं करणारा. बिल फाईलला लावताना त्यावर एक आकडा दिसला, एचएसएन ८४४३. असे आकडे बिलावर असतात हे माहीत होतं, पण कधी विचार केला नव्हता. तुमच्या घरी कृषी केंद्राचं खताचं बिल असेल तर काढून बघा. युरियापुढे ३१०२ ने सुरू होणारा आकडा दिसेल.

हा आकडा म्हणजे त्या वस्तूचं 'घर' आहे. जगातल्या व्यापारात येणाऱ्या प्रत्येक वस्तूला असं एक घर दिलेलं आहे. ब्रुसेल्सला जागतिक सीमाशुल्क संघटना आहे. तिने तयार केलेली ही पद्धत १ जानेवारी १९८८ पासून लागू झाली. तिला हार्मोनाइज्ड सिस्टिम म्हणतात. सगळ्या वस्तूंचे २१ विभाग आणि ९७ प्रकरणं आहेत. गंमत म्हणजे ७७ वं प्रकरण मुद्दाम रिकामं ठेवलंय, पुढे कधी लागलं तर. मला ही गोष्ट फार आवडली. आपल्या पेट्यांमध्येही एक रिकामी पेटी असावी!

आकडा वाचायचा कसा ते मुलांनाही समजतं. आमच्या प्रिंटरचा पूर्ण क्रमांक ८४४३ ३१ ०० असा होतो. पहिले दोन अंक ८४ म्हणजे प्रकरण, यात यंत्रं येतात. पहिले चार, ८४४३, म्हणजे छपाईची यंत्रं. पहिले सहा म्हणजे त्यातला नेमका प्रकार, आणि हे सहा अंक सगळ्या सदस्य देशांत सारखेच असतात. शेवटचे दोन आपल्या देशाचे. जिल्हा, तालुका, गाव, घर क्रमांक असतो ना, अगदी तसं.

आपल्याकडे परदेशातून येणाऱ्या मालावर सीमाशुल्क किती घ्यायचं हे सीमाशुल्क दर कायदा, १९७५ याच्या अनुसूचीत या क्रमांकांपुढे लिहिलेलं असतं. वस्तूचा क्रमांक ठरला की तिचा दर ठरला. १ जुलै २०१७ पासून जीएसटीसाठीही हेच क्रमांक वापरले जातात, म्हणून ते आपल्या बिलावर दिसतात.

'मग आपल्याला काय त्याचं?' असं पालकांना वाटेल. बुलढाणा जिल्ह्यात ना समुद्र, ना बंदर. पण ५२०१ हा आकडा घ्या. हे रुईचं, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचं घर. या क्रमांकावर ११ टक्के आयात शुल्क होतं. १९ ऑगस्ट २०२५ पासून ते माफ केलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. त्या महिन्यांत खामगावच्या बाजारात कापूस घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाच्या बोलण्यात बाहेरून येणारा कापूस होता. एका क्रमांकापुढचा दर बदलला की आपल्या वावरापर्यंत चर्चा पोहोचते, ती अशी.

कापसाचं घर ठरवायला अडचण नाही. कापूस तो कापूसच. अडचण येते ती अनेक कामं करणाऱ्या वस्तूंची. म्हणजे माझ्या विद्यार्थिनीचीच अडचण.

आधी नियम, मग निकाल

या पद्धतीत वस्तूचं घर शोधायचे सहा सर्वसाधारण नियम आहेत. भाषा कायद्याची आहे, पण मी ते मुलांसाठी प्रश्नांच्या रूपात मांडून पाहिले. महत्त्वाची गोष्ट अशी की ते क्रमाने लावायचे असतात. मनाला येईल तो नियम आधी उचलायचा नाही.

पहिला प्रश्न : यादीत लिहिलेले शब्द आणि त्यासोबतच्या टिपा काय सांगतात? तिथेच उत्तर मिळालं तर विषय संपला. उदाहरणार्थ, घड्याळ असलेला रेडिओ. घड्याळात ठेवायचा की रेडिओत? यादीतच ८५२७ या रेडिओच्या घरात 'घड्याळ जोडलेला' असा उल्लेख आहे. म्हणजे तो रेडिओच. वाद नको.

दुसरा प्रश्न : वस्तू अर्धवट किंवा सुट्या भागांत आहे का? सायकल खोक्यात सुट्या भागांत आली, तरी ती सायकलच.

तिसरा प्रश्न : वस्तू दोन घरांत बसतेय का? मग आधी बघा, कोणत्या घराचं वर्णन जास्त नेमकं आहे. त्यातून सुटलं नाही आणि वस्तू संच किंवा मिश्रण असेल, तर तिचं मुख्य स्वरूप कशामुळे आहे ते बघा. तेही ठरवता आलं नाही, तर सारख्याच योग्य घरांपैकी ज्याचा क्रमांक यादीत शेवटी येतो ते घर.

चौथा प्रश्न : कुठेच बसत नसेल तर ती कोणत्या वस्तूच्या सर्वांत जवळची आहे?

पाचवा नियम डब्यांचा आणि पिशव्यांचा आहे. कॅमेऱ्याची खास पिशवी कॅमेऱ्यासोबतच आली असेल तर ती कॅमेऱ्याच्याच घरात जाते. सहावा नियम सांगतो की घर सापडल्यावर आतली खोली शोधतानाही हीच रीत वापरायची.

यंत्रांसाठी आणखी एक टीप आहे. एक यंत्र दोन किंवा जास्त कामं करत असेल, तर त्याचं मुख्य काम बघायचं आणि तेच त्याचं काम समजून घर द्यायचं. आमच्या शाळेतला प्रिंटर, घरातला मोबाईल, सगळा वाद या टिपेपाशी येतो.

तिसऱ्या नियमाचं एक उदाहरण वाचून मी हसलेच, कारण ते आपल्या दप्तरातलं आहे. कंपास पेटी! पट्टी आणि कर्कटक यांचं घर ९०१७, पेन्सिलचं ९६०९, शार्पनरचं ८२१४ आणि प्लास्टिकच्या पाकिटाचं ४२०२. मग सगळं एकत्र विकायला ठेवलेल्या संचाचं घर कोणतं? जागतिक संघटनेच्या स्पष्टीकरणात असाच संच उदाहरण म्हणून दिला आहे आणि उत्तर आहे ९०१७. कारण संचाला 'आकृती काढायचं साहित्य' हे रूप पट्टी-कर्कटकामुळे येतं, पेन्सिल-शार्पनरमुळे नाही. पेन्सिल काढून घेतली तरी ती कंपास राहते. पट्टी, कर्कटक, कोनमापक काढून घेतलं तर काय उरतं?

हा प्रश्न मी वर्गात विचारला तेव्हा एक मुलगा म्हणाला, "मंग नुसता डबा उरते मॅडम." मुख्य स्वरूप म्हणजे काय, हे यापेक्षा सोप्या शब्दांत मला सांगता आलं नसतं.

मुंबईचं झेरॉक्स प्रकरण

आता खरी प्रकरणं बघू. पहिलं मुंबईचं.

झेरॉक्स इंडिया या कंपनीने मुंबईत काही यंत्रं आयात केली. ती छपाई करत, नक्कल काढत, स्कॅन करत आणि फॅक्सही करत. कंपनीचं म्हणणं होतं, हे संगणकाला जोडायचं साधन आहे, त्याचं घर ८४७१ ६०. सीमाशुल्क विभागाचं म्हणणं होतं, यात कोणतंही एक काम मुख्य म्हणता येत नाही, म्हणून याला ८४७९ मध्ये टाका. ८४७९ म्हणजे 'इतर कुठेही न बसणारी यंत्रं'. आपल्या वर्गातली 'इतर' नावाची पेटी.

वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. नोव्हेंबर २०१० मध्ये निकाल लागला. न्यायालयाने विचारलं ते साधं होतं, यंत्राचा बहुतेक भाग कशासाठी बनवला आहे? सुट्या भागांचा आणि बनवण्याच्या खर्चाचा मोठा हिस्सा छपाईसाठी आहे असं कागदपत्रांवरून दिसत होतं. म्हणून छपाई हे मुख्य काम ठरलं. कंपनीचं म्हणणं मान्य झालं.

यात मजा बघा. ज्या कंपनीच्या नावावरून आपण नक्कल काढण्यालाच 'झेरॉक्स काढणं' म्हणतो, तिच्याच यंत्राबद्दल न्यायालय म्हणालं की याचं मुख्य काम छपाई. म्हणजे लोकांच्या तोंडी असलेलं नाव एक आणि तपासून ठरलेलं काम दुसरं. वर्गातही असंच होतं. एखाद्या गोष्टीला आपण जे नाव सवयीने देतो, त्यावरून तिचा गट ठरवून टाकतो.

आणखी एक गोष्ट. हा खटला चालू होता त्या काळात यादीच बदलली. १ जानेवारी २००७ पासून ८४४३ मध्ये एक नवीन खोली तयार झाली, ८४४३ ३१. छपाई, नक्कल आणि फॅक्स यांपैकी दोन किंवा जास्त कामं करणारी आणि संगणकाला जोडता येणारी यंत्रं. म्हणूनच आमच्या शाळेच्या प्रिंटरचं बिल ८४४३ चं आहे. जुना माल मात्र जुन्या नियमानेच तपासला गेला. नियम बदलला म्हणून आधीच्या परीक्षेचे गुण बदलत नाहीत, हेही यातून शिकण्यासारखं.

न्हावा शेवाचा संगणक

दुसरं प्रकरण रायगड जिल्ह्यातल्या न्हावा शेवा बंदराचं. जवाहरलाल नेहरू बंदर ते हेच. आपल्याकडच्या दुकानांत येणारा कितीतरी परदेशी माल इथेच कंटेनरमधून उतरतो.

एचपी आणि लेनोव्हो या कंपन्यांचे 'ऑल-इन-वन' संगणक आले होते. ज्यात पडदा आणि संगणक एकाच तुकड्यात असतो, वेगळा सीपीयू डबा नसतो. बऱ्याच शाळांच्या कार्यालयांत हे असतात. यादीत एक घर आहे ८४७१ ३०, 'सोबत नेता येण्याजोगे संगणक, वजन १० किलोपेक्षा जास्त नाही.' म्हणजे लॅपटॉपचं घर. कंपन्या म्हणाल्या, आमचा संगणक तिथला नाही, तो ८४७१ ५० मधला. विभाग म्हणाला, वजन १० किलोच्या आत आहे, उचलून नेता येतो, म्हणजे लॅपटॉपच्याच घरात. करआकारणी घरावर अवलंबून असल्यामुळे वाद पेटला.

१७ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्यायालयाचा मुद्दा पाचवीच्या मुलालाही पटेल असा आहे. १० किलोपेक्षा हलकं असणं आणि सोबत नेण्याजोगं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या संगणकाचा पडदा कमीत कमी साडेअठरा इंचाचा. त्याला ठेवायला सपाट जागा लागते, स्टँड लागतो, वीज जोडावी लागते. रोज घेऊन फिरण्यासाठी त्याची संरक्षक पिशवीसुद्धा बाजारात मिळत नाही. मग तो रोज सोबत नेण्याचा संगणक कसा? कंपन्यांचं म्हणणं मान्य झालं.

हे मी वर्गात सांगितलं तेव्हा विचारलं, "आपल्या वर्गातली प्लास्टिकची खुर्ची १० किलोपेक्षा हलकी आहे. मग ती दप्तरासारखी सोबत न्यायची वस्तू आहे का?" सगळे हसले. पण मुद्दा पोहोचला. एक अट पूर्ण झाली म्हणजे सगळ्या अटी पूर्ण झाल्या असं नाही.

याच निकालात आम्हा शिक्षकांसाठीही एक चिमटा आहे. खालच्या पातळीवर निर्णय देताना विकिपीडियाचा आधार घेतला गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने सावध केलं की अशी संकेतस्थळं ज्ञानाचा खजिना असली तरी ती कोणीही बदलू शकतं, त्यामुळे त्यांच्यावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. प्रकल्पाची वही घाईघाईत तिथून उतरवून देणाऱ्या मुलांना, आणि हो, आपल्यालाही, हे सांगायला हवं.

आणि एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटली. आयातदाराने एक घर सांगितलं असेल आणि विभागाला ते चूक वाटत असेल, तर ते चूक का आहे हे दाखवून देण्याची जबाबदारी विभागाची असते. फुली मारणाऱ्याने कारण द्यायचं असतं. हे वाचलं तेव्हा मला माझा लाल पेन आठवला.

कॅमेरा अर्ध्या तासाला का थांबायचा?

वर्गीकरण फक्त कागदावर राहत नाही, ते वस्तूलाच बदलून टाकतं. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एखाद्या कॅमेरावाल्या दादांना विचारा. फोटोच्या अनेक डिजिटल कॅमेऱ्यांवर व्हिडिओ सुरू केला की २९ मिनिटं ५९ सेकंदांनी तो आपोआप बंद पडायचा. इकडे मंगलाष्टकं रंगात आलेली आणि तिकडे कॅमेरा थांबलेला!

यामागचं एक मोठं कारण युरोपातलं सीमाशुल्क होतं. तिथे ठरावीक दर्जाचा व्हिडिओ सलग ३० मिनिटं किंवा जास्त काढू शकणारा कॅमेरा 'व्हिडिओ कॅमेरा' समजला जाई आणि त्यावर शुल्क लागे. त्याहून कमी काढणारा 'फोटोचा कॅमेरा', त्यावर शुल्क नाही. मग कंपन्यांनी काय केलं? एक सेकंद अलीकडे थांबले. भारतातही शुल्कमाफी कोणत्या कॅमेऱ्याला मिळेल हे ठरवताना २०१२ मध्ये अशीच ३० मिनिटांची अट आली होती.

मुलांना यातून दोन गोष्टी कळतात. सीमारेषा कुठेतरी आखावी लागते. आणि ती आखली की लोक तिच्या अगदी जवळ येऊन उभे राहतात. ३५ गुणांना पास म्हटलं की ३४ वाल्याचं काय होतं हे आपण जाणतोच.

आता मोबाईल

मग मोबाईलचं घर कोणतं? माझ्या विद्यार्थिनीचं म्हणणं खोटं नव्हतं. मोबाईल घड्याळ आहे, कॅमेरा आहे, टॉर्च आहे, रेडिओ आहे, संगणकही आहे. आणि घर कोणतं यावर पैशाचा फरकही आहे. लॅपटॉपवर आपल्याकडे मूळ सीमाशुल्क शून्य आहे. तयार मोबाईलवर ते २० टक्के होतं, जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात १५ टक्के केलं. उद्या कोणी म्हणालं की 'हा मोबाईल नाही, छोटा संगणकच आहे', तर?

म्हणूनच १ जानेवारी २०२२ पासून यादीत स्मार्टफोनला स्वतःची खोली मिळाली, ८५१७ १३. आणि टिपेत व्याख्याही आली. तिचा आशय असा, मोबाईल नेटवर्कवर चालणारा फोन, ज्यात संगणकासारखी अनेक ॲप एका वेळी चालवता येतील अशी प्रणाली आहे, *मग त्यात कॅमेरा आणि रस्ता दाखवायची सोय असो वा नसो.* म्हणजे कॅमेरा आणि जागा मोजायची सोय ही जोडकामं. मूळ तो फोनच. त्याच वेळी ड्रोनलाही स्वतःचं घर मिळालं, ८८०६. ड्रोन हा उडणारा कॅमेरा की कॅमेरा लावलेलं विमान, हा वाद त्यामुळे मिटायला मदत झाली. जगात नवीन वस्तू आल्या की यादीलाही नवीन पेट्या कराव्या लागतात. साधारण दर पाच-सहा वर्षांनी ती सुधारली जाते.

वर्गात करायचा उपक्रम

हा उपक्रम मी तिसरी ते पाचवीला एकत्र घेतला. दोन तासिका पुरतात.

१. पाच खोकी घ्या. नावं द्या : मोजण्याची साधनं, उजेडाची साधनं, ऐकण्या-बोलण्याची साधनं, लिहिण्या-काढण्याची साधनं, इतर.

२. आधी सोप्या वस्तू द्या. मेणबत्ती, पेन, टेप. दोन मिनिटांत संपतं.

३. मग अडचणीच्या वस्तू द्या. कंपास पेटी, पट्टी छापलेलं पेन, घड्याळाचा रेडिओ, मोबाईल. आणि रात्रीच्या ओलिताला नेतात तो टॉर्च, ज्यात रेडिओही असतो.

४. 'इतर' मध्ये टाकायचं असेल तर आधी बाकीची चार खोकी का चालत नाहीत ते सांगावं लागेल, अशी अट घाला. नाहीतर सगळंच 'इतर' मध्ये जातं. आमच्याकडे पहिल्या फेरीत तेच झालं!

५. वाद झाला की नियम क्रमाने लावा. नाव नेमकं कुठे आहे? मुख्य काम कोणतं? काय काढून घेतलं तर वस्तू ती वस्तू राहत नाही?

६. प्रत्येक गटाने उत्तरासोबत एक वाक्य लिहायचं : 'कारण...'

रेडिओवाल्या टॉर्चवर आमच्याकडे अर्धा तास भांडण चाललं. एक गट म्हणाला, अंधारात साप दिसावा म्हणून नेतात, म्हणजे टॉर्च. दुसरा गट म्हणाला, आमचे आजोबा दिवसाही गाणी ऐकतात. दोन्हीकडे जोर सारखा! शेवटी मी त्यांना शेवटचा नियम सांगितला. खरंच ठरवता आलं नाही तर मागचा क्रमांक. हातातल्या टॉर्चचं घर ८५१३, रेडिओचं ८५२७, म्हणून रेडिओ. हरलेला गट नाराज झाला, पण भांडला नाही. कारण हा नियम कोणाच्या बाजूने केलेला नव्हता, तो आधीच लिहिलेला होता. मुंबईत एक उत्तर आणि चेन्नईत दुसरं, असं होऊ नये म्हणून तो आहे.

त्या फुलीचं काय झालं?

उपक्रम संपल्यावर मी त्या मुलीचा पेपर परत मागून घेतला. तिला सांगितलं, "मुख्य काम बघितलं तर मोबाईलचं मुख्य काम बोलणं. वेळ दाखवणं, वावर मोजणं ही जोडकामं. बाकी तिघांचं मुख्य काम मोजणं. म्हणून मोबाईल वेगळा." तिने मान डोलवली. मग विचारलं, "पण मॅडम, मुख्य काम बघा असं प्रश्नात कुठं लिहेल होतं?"

लिहिलेलं नव्हतं. तीच माझी चूक होती. तिच्या निकषाने तिचं उत्तर बरोबर होतं, माझ्या निकषाने माझं. पण निकष मी मनात ठेवला आणि फुली मात्र कागदावर मारली. बंदरावरच्या अधिकाऱ्यालासुद्धा कारण द्यावं लागतं, तिथे वाद घालायला न्यायाधिकरण आहे, वर सर्वोच्च न्यायालय आहे. दहा वर्षांच्या मुलीकडे काय आहे? मधली सुट्टी आणि थोडी हिंमत. बाकी कितीजणी फुली बघून गुपचूप घरी गेल्या असतील?

मी तिला गुण दिला. आणि त्या दिवसापासून माझ्या चाचणीत हा प्रश्न असा असतो : 'मुख्य उपयोगानुसार गटात न बसणारे पद ओळखा व कारण लिहा.' एक गुण उत्तराला, एक कारणाला. शिष्यवृत्तीच्या पेपरात कारण लिहायला जागा नसते हे खरं. तिथे गोलच रंगवायचा असतो. पण तो गोल रंगवण्याआधी 'इथे निकष कोणता असेल?' हे स्वतःला विचारायची सवय तर आपण वर्गातच लावू शकतो.

पालकांनाही एक विनंती. मुलाने चुकीचं उत्तर दिलं असं वाटलं तर आधी एकदा विचारा, "असं का वाटलं तुला?" कधी कधी उत्तर चुकलेलं असतं आणि कारण बरोबर असतं. आणि घरात नवीन वस्तू आली की बिलावरचा एचएसएन क्रमांक मुलांना शोधायला सांगा. पहिले दोन अंक कोणते, ही वस्तू कोणत्या घरात ठेवली असेल आणि का, यावर जेवताना दहा मिनिटं गप्पा होतील.

उपक्रम आपल्या वर्गात नक्की करून बघा. आणि हो, पाच खोक्यांसोबत एक सहावं खोकं रिकामं ठेवा. त्यावर काहीच लिहू नका. मुलं उद्या काय घेऊन येतील, सांगता येत नाही.